त्याचा काय भरवसा!

चौकशी फोनवर "बरंय" म्हणाली आणि तेव्हापासून आईच्या जिवाला घोर लागला.

आता "बरंय" हा काही वाईट शब्द नाही. पण जी मुलगी साधं "कशी आहेस?" विचारलं तरी घरमालकिणीच्या मांजरापासून कोपऱ्यावरच्या बंद दिव्यापर्यंत सगळं सांगितल्याशिवाय फोन सोडत नाही, तिनं लागोपाठ तीन दिवस नुसतं "बरंय" म्हणावं?

"जेवलीस?"

"हो."

"झोप लागते ना?"

"लागते."

"आणि काम?"

"बरंय."

जणू समोर कुणी छापील फॉर्म घेऊन बसलंय आणि ही एकेका चौकटीत खूण करतेय. आईनं फोन ठेवला आणि ओटा पुसायला घेतला. तो आधीच दोनदा पुसून झाला होता.

"अहो, चौकशी तुमच्याशी काही बोलली का?" तिनं बाहेरच्या खोलीकडे तोंड करून विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "आणि बोलली असलीच, तर तुला सांगू नका म्हणाली असेल. म्हणून सांगत नाही."

बाबांच्या पोटात आजवर काही राहिलेलं नाही. आईनं हातातलं फडकं खाली ठेवलं. घाई करायची नाही, एवढं तिला पस्तीस वर्षांच्या संसारानं शिकवलं होतं. दुसऱ्या चहापर्यंत आपोआप बाहेर येईल.

चौकशी हे अर्थातच मुलीचं खरं नाव नव्हे. आई सरकारी रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीत बसायची आणि तिच्या शेजारची खिडकी चौकशीची होती. मुलीला सांभाळायला घरी कुणी नसलं की आई तिला कामावर घेऊन जायची. चार वर्षांची पोर दिवसभर स्टुलावर बसून शेजारच्या खिडकीतले प्रश्न ऐकायची आणि घरी आली की तेच बाबांना विचारायची. "तुम्ही कुठून आलात? कधी आलात? सोबत कोण आहे? परत कधी जाणार?" बाबा पंप दुरुस्तीच्या कारखान्यातून दमून आलेले असत. एकदा ते हात धुता धुता म्हणाले, "अगं, तू त्या शेजारच्या खिडकीलाच घरी घेऊन आलीस की काय?" तेव्हापासून ती चौकशी. पाहुण्यांना वाटे, हे नाव ऐकून मुलगी रागावत असेल. तिला उलट अभिमान होता. शाळेच्या वहीवरसुद्धा तिनं एकदा तेच घातलं होतं.

पुढे ती कॉलेजात गेली, शिकली, आणि नोकरी कुठली धरावी? तर घरोघरी जाऊन लोकांना प्रश्न विचारण्याची! पाहणी करणारी एक संस्था होती, तिच्यात. बाबांना इतकं हसू आलं की त्यांना ठसका लागला. आईला नाही आलं. परक्या घरांची दारं, परकी माणसं, जिने, कुत्री. "आत या" म्हटलं की आत जायचं. आईच्या डोळ्यांपुढे नको नको ते उभं राहायचं.

"आई, मी दारापासून दोन पावलं मागे उभी राहते," चौकशी समजावायची. "घंटा वाजवली की मागे सरकायचं. म्हणजे दार उघडणाऱ्याला अंगावर आल्यासारखं वाटत नाही, आणि आपल्यालाही पळता येतं."

"पळता येतं म्हणजे?"

"कुत्रा असला तर, आई. कुत्रा."

नऊ वर्षांत तिनं साबण विचारला, दंतमंजन विचारलं, शाळेतली गळती विचारली. कामात ती पक्की होती. पलंगावर कधी बसायची नाही, खुर्ची किंवा जमीन. पाणी घ्यायची, चहा नाही, कारण चहाबरोबर माणूस आपल्याला आवडेल तसं उत्तर द्यायला लागतो, असं तिचं म्हणणं. नवरा आतून ओरडून बायकोचं उत्तर सांगू लागला, तर ती पेन खाली ठेवून गप्प बसून राहायची. नवरा थांबला की मग पेन उचलायची. "काही घरांत पाऊण तास लागतो," असं हसून सांगायची.

या वर्षी काम वेगळं होतं. परदेशांतल्या नेत्यांवर आपल्या लोकांचा विश्वास किती, आणि आपल्या भागात कोणत्या देशाचं वजन वाढतंय, हे विचारायचं होतं. एक नदीपलीकडचा देश, तिथले राष्ट्राध्यक्ष. एक समुद्रापलीकडचा मोठा देश, तिथल्या पंतप्रधान बाई. नदीपलीकडच्यांशी पाण्याची बोलणी चालू होती, त्यामुळे परराष्ट्र खात्यातली मंडळीसुद्धा हे आकडे वाचणार होती.

"लोकांना काय ठाऊक असतं गं त्यातलं?" आईनं विचारलं होतं.

"तेच तर. माहीत काय आहे ते विचारतच नाही आम्ही. वाटतं काय, ते विचारतो." मग ती खुशीत येऊन उत्तरं सांगू लागली. एक केस कापणारा म्हणाला, माझा मेव्हण्यावर विश्वास नाही, राष्ट्राध्यक्षांवर कुठून आणू? एका बाईंनी पंतप्रधान बाईंना पूर्ण विश्वासाची चौकट दिली, का, तर "साधी राहते हो, केसही रंगवत नाही." एका म्हाताऱ्यानं वीस मिनिटं नदीवरच्या पुलाचा इतिहास सांगितला आणि शेवटी म्हणाला, माझं मत लिहू नका, मी कुणाला दुखवत नाही.

काम सुरू होण्याआधी चौकशी दोन दिवस घरी आली होती. तेव्हा जेवणाच्या टेबलावर तिनं आईला समोर बसवून पूर्ण फॉर्म वाचून दाखवला. सराव म्हणून.

"प्रश्न चौथा. नदीपलीकडील देशाच्या राष्ट्राध्यक्षांच्या विश्वासार्हतेची पातळी आपल्या मते कोणती? पूर्ण, थोडीफार, फारशी नाही, अजिबात नाही, सांगता येत नाही."

"कसली पातळी?" आई म्हणाली. "अगं, पाण्याच्या टाकीबद्दल विचारतेयस की माणसाबद्दल?"

आईनं अठ्ठावीस वर्षं खिडकीत बसून हेच तर केलं होतं. फॉर्मवर छापलेलं असे 'व्याधीचा कालावधी', आणि आई विचारे, "किती दिवस झाले दुखतंय?" छापलेलं असे 'पूर्वेतिहास', आणि आई विचारे, "आधी कधी झालं होतं का हो असं?" छापील शब्द घशात अडकलेल्या माणसाला आपला सोपा शब्द द्यायचा, ही तिची सेवा. तिच्या खिडकीपुढची रांग इतर रांगांपेक्षा भराभर सरकायची.

"सरळ विचार ना, त्यांचा भरवसा वाटतो का म्हणून," आई म्हणाली.

"विश्वास आहे का, असं तरी म्हण."

"विश्वास देवावर ठेवतात, नवऱ्यावर ठेवतात. परक्या माणसाचा भरवसा वाटतो किंवा वाटत नाही."

"शब्द बदलायचा नसतो, आई. तीनदा वाचायचा, सावकाश वाचायचा, पण छापलाय तसाच. नाहीतर मी एक विचारणार, दुसरी दुसरंच विचारणार, मग बेरीज कशाची करायची?"

"बरं बाई. मग विचारत बस पातळी."

पंधरा दिवसांनी चौकशीचा हसत हसत फोन आला होता. ती नदीकाठच्या जुन्या वस्तीत काम करत होती. "आई, तुझा शब्द चालतोय हं! तीनदा वाचूनही कुणी नुसतंच बघत बसलं, तर शेवटी भरवसा म्हणते. आणि इथं बहुतेक घरी तेच करावं लागतं. लगेच उत्तर येतं." त्या दिवशी आईनं ही गोष्ट खालच्या शिवणवाल्या बाईंनाही सांगितली होती. माझा शब्द चालतोय म्हणून.

दुसरा चहा झाला. बाबांनी कप खाली ठेवला, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "सोमवारी अकरा वाजता बोलावलंय तिला. संस्थेतल्या मोठ्या बाईंनी."

"कशाला?"

"तू तिला सांगू नकोस हं मी सांगितलं म्हणून."

"अहो, कशाला?"

चौकशीनं शहाण्णव फॉर्म भरले होते. त्यांतल्या एक्क्याऐंशींवर राष्ट्राध्यक्षांच्या प्रश्नाला "अजिबात नाही" होतं. त्याच वस्तीत काम केलेल्या दुसऱ्या दोन मुलींकडे "अजिबात नाही" म्हणणारे पाव हिस्सासुद्धा नव्हते. संस्थेला वाटलं, हिनं घरी बसून सगळीकडे एकाच चौकटीत खुणा केल्या. म्हणून त्यांनी दहा घरी फोन करून पडताळा घेतला. सहा जणांनी हो, आली होती म्हणून सांगितलं. तिघांनी फोन उचलला नाही. आणि एका आजींनी स्वच्छ सांगितलं, कुणी आलं नव्हतं.

"खोटं बोलल्या त्या?" आईचा आवाज चढला.

"नाही गं. फोनवाल्यानं विचारलं, आमचे प्रतिनिधी आले होते का? आजी म्हणाल्या, छे, प्रतिनिधी कुठले येतात? ते निवडणुकीलाच येतात." बाबांना सांगता सांगता हसू फुटलं, पण ते अर्ध्यावरच विझलं. "चौकशी त्यांच्याकडे तासभर बसली होती. त्यांच्या सुईत दोरासुद्धा ओवून दिला म्हणे. आता म्हणते, बाबा, मी नऊ वर्षांत एक फॉर्म घरी भरलेला नाही. आणि लोक खरंच तसं म्हणाले, तर मी काय करू? धरणाचं पाणी न सांगता सोडतो तो माणूस, नदीकाठची माणसं चिडलेली असणारच."

"मग मोठ्या बाईंना हे सांगितलं का तिनं?"

"सांगितलं. त्या म्हणतात, दुसऱ्या मुलींच्या नदीकाठची माणसं का नाही चिडली?"

आईनं रिकामे कप उचलले. नऊ वर्षं ती या पोरीला कुणी काही करेल म्हणून भीत आली होती. कुत्रं चावेल, दार लागेल, जिन्यात अंधार असेल. पण पोरीनं काही केलं, खोटं केलं, असं कुणी म्हणेल, हे तिच्या भीतीच्या यादीत कधी आलंच नव्हतं. नोकरी गेली तर दुसरी मिळेल. पण त्या क्षेत्रात एकदा "घरी बसून भरते" असं नाव झालं, की कुणी दारात उभं करणार नव्हतं.

"सोमवारी माझ्याबरोबर यायचं का तिथे?" तिनं विचारलं.

"एवढी मोठी मुलगी, आईबाप घेऊन जाणार?" बाबा म्हणाले. मग खिडकीबाहेर बघून उगाचच म्हणाले, "सोमवारी बस तरी वेळेवर आहे का? तिचा काय भरवसा!"

आईनं वर पाहिलं.

हे बाबांचं पालुपदच होतं. गॅस संपायला आला, त्याचा काय भरवसा. लिफ्ट चालू आहे, पण तिचा काय भरवसा. आभाळाचा, गुडघ्याचा, नळाच्या पाण्याचा, कशाचाच भरवसा त्यांना नव्हता, आणि तरी ते सगळं सुखानं वापरत. पस्तीस वर्षं ऐकून ऐकून आईच्या कानांना ते ऐकूही यायचं बंद झालं होतं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "नदीपलीकडच्या राष्ट्राध्यक्षांच्या विश्वासार्हतेची पातळी आपल्या मते कोणती?"

"आँ?"

"पूर्ण, थोडीफार, फारशी नाही, अजिबात नाही. सांगा."

बाबांनी मान तिरकी करून खरोखर विचार केला. "थोडीफार म्हण. धरणाचं पाणी सोडलं ते वाईटच. पण साथीच्या वेळी औषधांचे ट्रक त्यानंच पाठवले होते. आणि पूल म्हणाला तर पूल पुरा केला माणसानं."

आईनं मान डोलावली. मग भाजी निवडायला घेतली, कपड्यांच्या घड्या केल्या, दळणाची यादी केली. तासाभरानं, बाबा तेल घालून दाराची बिजागरी हलवून बघत असताना, तिनं जाता जाता विचारलं, "काय हो, त्या पलीकडच्या राष्ट्राध्यक्षांचा तुम्हाला भरवसा वाटतो का?"

"छे!" बाबा बिजागरीवरून नजरही न काढता म्हणाले. "त्याचा काय भरवसा!"

आई तिथंच उंबऱ्यात बसली.

पण एका बाबांवरून काय ठरणार? ते तर नळाबद्दलही तेच म्हणतात. आईनं भिंतीवरच्या कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं, पाठीमागे दोन रकाने आखले, पायांत चपला घातल्या आणि जिना उतरली.

पहिलं दार शिवणवाल्या बाईंचं. घंटा वाजवल्यावर आईला आठवलं आणि ती दोन पावलं मागे सरकली. रोजच्या ओळखीच्या बाईंच्या दारात असं परक्यासारखं उभं राहताना तिला फार ओशाळल्यासारखं झालं.

"अहो, तुम्ही? मग आत या की! बाहेर काय उभ्या?"

आईनं छापील प्रश्न पाठ म्हटला. बाईंनी मशीनचं चाक थांबवलं. "थोडाफार विश्वास आहे, असं लिहा. माझ्या भाच्याचं ऑपरेशन तिकडच्याच दवाखान्यात झालं, छान काळजी घेतली." आईनं खूण केली, ब्लाऊजच्या गळ्याबद्दल, काजांबद्दल दोन शब्द बोलली, आणि निघताना दुसरा प्रश्न टाकला.

"भरवसा?" बाई हसल्या. "पुढाऱ्यांचा काय भरवसा हो!"

"अहो, आत्ता तर म्हणालात, विश्वास आहे."

"विश्वास आहे हो. भरवसा नाही. ते वेगळं, हे वेगळं."

आईला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

इस्त्रीवाला म्हणाला, आधी कुणाच्या बाजूनं विचारता ते सांगा. दुसऱ्या मजल्यावरच्या शिक्षकांनी दार अर्धंच उघडलं, "आत्ता नको" म्हणाले आणि लावून घेतलं. रोज हात हलवणारा माणूस! आई त्या बंद दाराकडे बघत क्षणभर उभी राहिली. अशी किती दारं पोरीच्या तोंडावर लागली असतील, आणि संध्याकाळी तिनं त्यातलं एकही फोनवर सांगितलं नाही. सांगितली ती मांजरं, पूल आणि न रंगवलेले केस.

तिसऱ्या मजल्यापर्यंत टाचा दुखायला लागल्या. चौथ्यावर एका सूनबाईंना विचारलं तर आतून सासऱ्यांनी ओरडून उत्तर दिलं. आईनं पेन्सिल खाली ठेवली आणि गप्प बसून राहिली. सासरे थांबेपर्यंत. मग सूनबाई हळूच म्हणाली, "मला तर तो माणूस बरा वाटतो," आणि आईनं तसं लिहिलं.

चौदा माणसं झाली. छापील प्रश्नाला "अजिबात नाही" म्हणणारे तिघं. भरवशाच्या प्रश्नाला बारा जण, आणि त्या बारांतले नऊ जण तर अक्षरशः एकच वाक्य बोलले होते. प्रश्न संपायच्या आत. विचार न करता. शिंक यावी तसं.

घरी येऊन तिनं पान बाबांपुढे ठेवलं. बाबांनी दोनदा वाचलं.

"म्हणजे लोकांनी राष्ट्राध्यक्षांबद्दल काही सांगितलंच नाही," ते म्हणाले.

"नाही. भरवसा म्हटलं की जे तोंडात येतं, ते आलं. तिनं प्रामाणिकपणे लिहून घेतलं. आणि शब्द माझा होता."

बाबांनी चष्मा काढला. "पण हे सांगायचं म्हणजे तिनं शब्द बदलला हेही सांगावं लागणार. तिथला पहिला नियम तोच आहे ना? न सांगता कदाचित सुटेलही. त्या तिघांनी फोन उचलला, तर."

तोच तर पेच होता. फॉर्म खोटे नाहीत हे सिद्ध होईल, पण चूक अंगावर येईल. आणि गप्प राहिली तर ते आकडे कदाचित तसेच पुढे जातील, बोलणी करायला बसलेल्या माणसांपुढे ठेवले जातील, आणि नदीकाठची एक्क्याऐंशी माणसं शेजाऱ्याला शिंकेबरोबर नाकारून बसतील.

आईच्या वहीत मोठ्या बाईंचा नंबर होता. अडीअडचणीला असावा म्हणून चौकशीनंच पहिल्या वर्षी दिलेला. "मीच करते त्यांना फोन," आई म्हणाली. "सांगते, माझी चूक आहे. मी तिला शिकवलं. माझ्यासारखी म्हातारी बोलली तर ऐकतील त्या."

बाबांनी फक्त आईकडे पाहिलं, आणि आईला ते आठवलं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी दोन दिवस चौकशीचा फोन आला नाही, म्हणून आईनं वसतिगृहाच्या बाईंना फोन केला होता. बाईंनी ध्वनिक्षेपकावरून सगळ्या वसतिगृहाला ऐकू जाईल असं पुकारलं, "आईला फोन कर!" पुढचं वर्षभर मुली तिला "आईला फोन कर" म्हणून हाका मारत होत्या. सुटीत घरी आल्यावर चौकशी रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "पुन्हा माझ्या कुठल्या बाईंना फोन करायचा नाही. माझ्याशी बोल. माझ्यावर विश्वास ठेव." आई तेव्हा हो म्हणाली होती. आणि त्यानंतरही वही उशाशी ठेवून झोपत होती.

विश्वास ठेवत होती, भरवसा नव्हता. शिवणवाल्या बाई म्हणाल्या तसं.

तिनं वही मिटली. कॅलेंडरचं पान सरळ केलं, टेबलावर, जिथं चौकशीनं सरावाला फॉर्म ठेवला होता तिथंच. पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहून घेतलं: आधी जेवलीस का विचारायचं नाही. रडायचं नाही. चौदा माणसांचं सांगायचं. तुझा छापील शब्द बरोबर होता आणि मी चुकले, हे सांगायचं. पुढे काय करायचं ते तिला ठरवू द्यायचं. ही शेवटची ओळ तिनं दोनदा गिरवली.

"काय म्हणेल गं ती?" बाबांनी विचारलं.

"सांगता येत नाही," आई म्हणाली. "तीही एक चौकट असते."

आणि तिनं चौकशीचा नंबर लावला.